गजराच्या फुटक्या कानात आलेली हाक

या सदरातले अनुभव मी आजवर वाचून बाजूला ठेवत आले. पुण्याच्या इंग्रजी शाळेत आमच्या सायन्सच्या बाई पेटीतून कानाचं मॉडेल काढून दाखवत — तीन हाडं, एक पडदा, एक नळी — आणि कानात त्यापलीकडे काही असेल असं मला कधी वाटलं नाही. भुताखेतांवर विश्वास नव्हता. आजही नाही असंच म्हणेन. पण ही एक गोष्ट मला कुठेच बसवता येत नाही... म्हणून जशी घडली तशी लिहिते.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. सासर वरवे बुद्रुकला, शेतीचं घर. आमचे हे भोरला शाळेत मास्तर, रविवारी तेवढे घरी येत. एरवी घरात मामंजी, सासूबाई — त्यांना मी आत्याबाई म्हणते — आणि धाकटी नणंद गजरा, आठ-नऊ वर्षांची. मी मुळातच कमी बोलणारी. त्यात माझं पुणेरी बोलणं ऐकलं की आत्याबाई गालात हसायच्या, म्हणून आणखीच गप्प. गजरा मात्र सतत पाठीशी. "वयनी, विंग्रजीत म्हशीला काय म्हंत्यात?" मी सांगितलं की ती गोठ्यात जाऊन म्हशीला त्या नावाने हाक मारून यायची.

संक्रांतीच्या सुमारास तिने कान खाजतो म्हणून खराट्याची काडी कानात घातली आणि नेमकी वासराने कोपराला ढुशी दिली. रक्त थोडंच आलं. तिने कुणाला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी म्हशींबरोबर नदीत मनसोक्त डुंबली. मग कान ठणकू लागला, वाहू लागला.

ह्यांनी तिला भोरच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडलंय. बहुतेक वेळा ते आपसूक भरून येतं, पण कान कोरडा राहिला पाहिजे. तेल नाही, पाणी नाही, लसूण नाही. कापसाची वात करून बाहेर आलेला पू हलक्या हाताने टिपायचा, आत खोल काही घालायचं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कानाच्या पाठीमागे सूज आली तर माझ्यासाठीसुद्धा थांबू नका. थेट पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या. तिथलं हाड सडलं की ते मेंदूपर्यंत जातं."

ते काम माझ्याकडे आलं. वाती वळायच्या, वापरून झाल्या की चुलीत जाळायच्या, रोज सकाळी कानामागे बोट फिरवून पाहायचं. आत्याबाईंना हे अजिबात पटत नव्हतं. "तेलाबिगर कान बरा झाल्याला म्या तरी न्हाई बगितला. पोरीचे कान हिनं फुंकल्यात," म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. पण तेलाची पळी चुलीशेजारून हलली नाही.

कान वाहायचा थांबला आणि ताप चढला. मला वाटलं होतं, थांबला म्हणजे बरं... पण ती ग्लानीत पडून राहू लागली. वडिलांनी दिलेलं घड्याळ मी त्या कानाशी धरलं, तर तिला टिकटिक ऐकूच येईना. सकाळी कानामागे पाहिलं होतं, काही नव्हतं. वर फडकं बांधलं.

त्या दुपारी गजरा चांगला कान उशीला टेकून पडली होती. म्हणजे आमचं बोलणं तिला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मी उशाशी बसले होते, आत्याबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. डोळे मिटलेलेच ठेवून गजरा म्हणाली,

"वयनी, छबू कोन हाय?"

आत्याबाईंचा हात थांबला. "कोन म्हनलं छबू?"

तिला ऐकू गेलं नाही. मी तिचं डोकं उचलून तेच विचारलं. तिने फडक्यावर बोट ठेवलं. "ह्या कानात हाका मारतंय कुनीतरी. 'छबू, मागे बघ. छबू, मागे बघ.' कवापासनं."

आम्ही दोघींनी एकदमच मागे पाहिलं. परसदार उघडं होतं. दारात एक कोंबडी उभी होती, बाकी कुणी नाही.

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "वरल्या आळीची छबू... हिरीत गेली ती," पुटपुटत त्यांनी मामंजींना गोठ्यातून बोलावलं. मामंजींनी ऐकून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शिवऱ्याच्या भगताला आनतो. त्यो येऊन बगंस्तवर पोरीला शिवंबाहेर न्यायची न्हाई." आत्याबाईंनी पळी चुलीवर ठेवली. भगत कानात मंतरलेलं तेल घालतो, ते तयार असावं म्हणून.



छबू मी आहे. माहेरी मला सगळे छबूच म्हणतात. लग्नात नाव बदलून इंदिरा झालं, आणि हे लाडाचं नाव सासरी कुणाला सांगायची वेळच आली नव्हती. ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं — लाज वाटे. आणि गजरा 'मागे' म्हणाली होती. या घरात सगळे 'मागं' म्हणतात.

हे सांगावं, तर सुनेबरोबर काहीतरी घरात शिरलं म्हणतील. न सांगावं, तर कानात तेल, आणि शीव बंद... तिचं डोकं माझ्या हातात होतं. मागे बघ. मी फडकं सोडलं, केस बाजूला केले. कानामागे लालबुंद, टणक सूज. कानाची पाळी पुढे ढकलली गेली होती. चटका बसावा इतकं ते गरम होतं.

"आत्याबाई, छबू मी आहे."

"तुजं नाव इंदिरा न्हवं?" मामंजी म्हणाले.

"लग्नातलं इंदिरा. आईकडचं छबू."

"म्हंजी हे तुज्या संगं आलंय व्हय आमच्या घरात?" आत्याबाई म्हणाल्या.

"काय आलंय ते मला माहीत नाही. पण ती विहिरीतली नाही. ही छबू जिवंत आहे, तुमच्यासमोर बसलीय. मग भगत कशाला? डॉक्टरांनी सांगितलेली सूज आली आहे. गाडी जुंपा. सडकेवर भोरहून येणारी पुण्याची मोटार मिळेल."

एवढं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. मामंजी वाकले, सुजेला बोट लावलं. गजरा किंचाळली. त्यांनी खुंटीवरचा चाबूक काढला.

आत्याबाईंनी गाडीत गोधडी अंथरली. मी चढताना माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "पोरीला काय झालं तर ह्या घरात पाय ठिवू नगंस." मी मान हलवली. सडकेला लागलो तेव्हा कापूरहोळच्या बाजूने मोटारीचा धुरळा दिसत होता, आणि मला तो पुढे सरकतच नाही असं वाटत होतं.

पुण्यात पोचल्या पोचल्या मास्टॉइडचं ऑपरेशन झालं. कानामागचं हाड फोडून पू काढला. सर्जन म्हणाले, "उद्या आणली असती तर मी हात लावला नसता."

ती शुद्धीवर येऊन पेज खाऊ लागली तेव्हा मी विचारलं, "गजरे, हाका मारणारी बाई होती की पुरुष?"

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "असं काय इचारतीस, वयनी? तूच तर मारत व्हतीस."

"मी गप्प बसले होते गं."

"तोंड गप व्हतं तुजं," ती म्हणाली, आणि पुन्हा पेजेकडे वळली.

सर्जन म्हणतात, अशा इन्फेक्शनमध्ये कानात आवाज येतात. येत असतील. पण नावानिशी? हे म्हणतात, तू झोपेत बडबडली असशील, पोरीने ऐकलं असेल. पण झोपेत का होईना, माणूस स्वतःलाच हाक मारतं का?  

गजरा आता हिंडते फिरते. त्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नाही, आणि पडद्याचं भोकही भरलेलं नाही, म्हणून न्हाऊ घालण्याआधी मी कापसाचा बोळा व्हॅसलीनमध्ये बुडवून कानाच्या तोंडाशी बसवते. आत्याबाई अलीकडे मला इंदिरा म्हणत नाहीत. चुलीपाशी पाणी तापलं की आतूनच हाक देतात, "छबू, बोळा घातलास का गं?"

आवाज त्यांचाच असतो, मला ठाऊक आहे. तरी मी उठून दारापर्यंत जाते, आणि त्यांचे ओठ हलताना दिसल्याशिवाय ओ देत नाही.