महालक्ष्म्यांच्या खिरीत लसूण

आमच्या चंदा गाईनं एका सकाळीत आमच्यासकट आठ घरांचा नैवेद्य बाटवला. चंदाचा यात काडीचाही दोष नव्हता. ती बिचारी पुढ्यात आलं ते खात होती. पुढ्यात ठेवणारी बीएस्सी झालेली होती.

ती मीच. घाटंजीला शाळेत विज्ञान शिकवते, आणि धाकटी सून म्हणून सासरचं सगळं गाव मला 'लायनी' म्हणतं. चंदा माझ्या मोठ्या जाऊबाईंची, सुमनताईंची. ताईंचं दूध गावातल्या सात घरी जातं. त्यांच्या दुधावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं सगळे म्हणतात. म्हणजे त्या दिवसापर्यंत म्हणत होते.

झालं काय, आर्णीला दुग्धव्यवसायाचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. जायचं होतं ताईंना. पण महालक्ष्म्या (म्हणजे तुमच्याकडच्या गौरी) तोंडावर आलेल्या, घर झाडायचं, अनारसे व्हायचे. ताई म्हणाल्या, "तू जाय व. तुले समजते." (हे दोन शब्द आठवले की अजून कानशिलं तापतात!)

तिथले सर फार छान बोलले. गाईच्या पोटात म्हणे उपकारी जिवाणूंचं अख्खं गाव नांदत असतं. चारा पचवतात ते, आणि नाव होतं गाईचं! त्यांना थोडी ताकाची, गुळाची साथ द्यावी. लसूण, ओवा यांतल्या द्रव्यांनी पोटातला वायू कमी होतो. मी शाळकरी पोरीसारखी भराभर लिहून घेत होते. 'लसूण – ५' असं लिहिलं, आणि बाहेर समोसे आले. मी समोसा खाऊन परत येईपर्यंत सर गोचिडांवर पोचले होते. मधल्या वेळात त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या, हे मला मागाहून कळलं. एक, पाच म्हणजे पाच पाकळ्या. दोन, द्यायचं ते धार काढल्यावर, नाहीतर वास थेट दुधात उतरतो. समोसा मात्र गरम होता.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. घरात कांदा-लसूण बंद. सासूबाईंनी लसणाची जुडी केव्हाच माळ्यावर चढवून ठेवलेली. ती मी पहाटे गुपचूप खाली काढली. आज सातही घरी जास्तीचं दूध द्यायचं, तर चंदाच्या पोटातल्या गावालाही सणाचं जेवण नको का? आणि गोठा म्हणजे काही स्वयंपाकघर नव्हे (हा शास्त्रार्थ माझा मीच केला). पाच गड्डे ठेचले. पाच पाकळ्या नव्हे हो, गड्डे! त्यात ओवा, गूळ, ताक. चंदानं घमेलं चाटून लख्ख केलं. तासाभरानं ताईंनी धार काढली. ताईंना पडसं झालेलं, त्यांचं नाक बंद. माझे हात इतके घमघमत होते की मला अख्खं जगच लसणाचं वाटत होतं. दूध सात घरी गेलं.

आता नैवेद्य दाखवल्याशिवाय चाखायचा नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. आमच्या सासूबाईंच्या राज्यात तो हुंगायचाही नाही! त्यामुळे खिरीत काय आहे हे सगळ्यात आधी कळलं ते दोघी महालक्ष्म्यांना. त्या मुखवट्याच्या असल्यामुळे काही बोलल्या नाहीत.

पंगत बसली. आमच्या ह्यांनी खिरीचा पहिला भुरका मारला आणि थांबले.

"आई, खिरीले फोडणी देल्ली काय?"

"खिरीले फोडणी? डोकं ठिकाणावर हाय का तुह्यं?" म्हणत सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं. "अव माय!!"

तेवढ्यात शेजारच्या कौसल्याकाकू वाटी घेऊन दारात. "सुमन! तुह्या दुधाले लसणाचा वास येऊन राह्यला व! देवीच्या दिवशी!" त्यांच्या मागं आणखी तिघी, प्रत्येकीच्या हातात खीर. "चटणीच्या गंजात दूध काढलं काय?" "मी तं नैवेद्य दाखवून बसली, आता काय करू?" कौसल्याकाकूंनी शेवटी सांगूनच टाकलं, "उद्यापासून आमचं दूध राहू दे, बाई."

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "माह्या बादलीले लसणाचं बोट बी नाई लागलं, काकू! लक्षुमीपुढं उभी राहून सांगतो!" आणि त्या बादली घेऊन मोरीत बसल्या. राखेनं घासली, धुतली, पुन्हा घासली. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

मी काय करत होते? मी वरून पाणी ओतत होते! वर सल्लाही दिला, "ताई, काठाकडून नीट घासा." लसूण चारल्याची लाज एक वेळ जाईल. या वाक्याची लाज वाटते ती आजही जात नाही.

बादली तिसऱ्यांदा घासून झाली आणि मोरीशेजारच्या गोठ्यात रवंथ करता करता चंदानं एक लांबलचक ढेकर दिला. चौघींनी एकदम नाकाला पदर लावला.

"अव बाप्पा! गायच लसूण खाऊन बसली!"

"गाईले लसूण चारला कोणं?"

सगळ्या ताईंकडे बघायला लागल्या. ताई राखेच्या हातांनी चौथ्यांदा बादली ओढायला लागल्या. गाय त्यांची, गोठा त्यांचा. मग मात्र मला राहवलं नाही.

"म्या चारला," मी म्हटलं. शुद्ध मराठी त्या क्षणी मला सोडून गेली होती. "पाच गड्डे."

"कायले?" सासूबाई.

"तिच्या पोटातल्या जिवाणूंसाठी."

आर्णीला हे वाक्य किती छान वाटलं होतं!

"जंत झाले काय गाईले?" कौसल्याकाकू.

"जंत नाही काकू, चांगले जिवाणू असतात ते."

"मंग चांगल्यायले कायले लसणाची शिक्षा?"

याचं उत्तर सरांनी बहुतेक समोशाच्या वेळेत दिलं असावं.

ताई एवढंच म्हणाल्या, "आधीच काहून नाई सांगतलं व? तीनदा बादली घासली म्या." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच भोकाड पसरलं.

मग मी सातही घरी गेले. प्रत्येक घरच्या महालक्ष्म्यांपुढं हात जोडून सांगितलं, चूक माझी, ताईंचा काही संबंध नाही. कुणी हसलं, कुणी पदराआड हसलं, कौसल्याकाकूंनी तर गाईचं सोवळं कसं पाळायचं यावर मला तासभर शिकवलं. आणि सातव्या घरातून बाहेर पडेपर्यंत सातही घरांनी दूध पुन्हा चालू ठेवायचं कबूल केलं होतं. अट एकच घातली.

ती अजून पाळली जाते. रोज सकाळी ताई दूध घेऊन जातात, आणि पातेलं पुढं करण्याआधी प्रत्येक दारात एक प्रश्न होतो. दुधात पाणी घातलं काय, हे आमच्या गावात कोणी विचारत नाही. विचारतात ते इतकंच, "आज लायनी गोठ्यात गेलती काय?"