खोट हवी असलेली पावडर

चंद्रभानच्या भट्टीतून निघालेली पावडर दुधासारखी पांढरी असायची. तारापूर एमआयडीसीतल्या त्या खासगी प्रयोगशाळेत टायटॅनियम ऑक्साइड भाजण्यात एकोणीस वर्षं त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. प्रयोगशाळेचे प्रमुख दिग्विजय सर पाहुण्यांना सांगायचे, "यांच्या मालात खोट सापडायची नाही." जामखेडहून पोटासाठी आलेल्या, सालवडला राहणाऱ्या त्या बारावी नापास माणसाची छाती तेवढ्यावर फुलून यायची.

मग नवापूरच्या मच्छीमार घरातली जागृती एमएस्सी करून तिथं रुजू झाली. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "काका, आमाला यात खोटच हवी हाय."

पोरगी थट्टा करतेय असं त्याला वाटलं. पण तिनं तीच पांढरी पावडर हायड्रोजनमध्ये तापवायला लावली. पावडरीतला थोडा ऑक्सिजन निघून गेला, त्याच्या जागा रिकाम्या राहिल्या, रंग निळसर काळा पडला. त्या रिकाम्या जागांत नायट्रोजन अडकेल आणि पाण्यात वीज सोडली की त्याचा अमोनिया होईल, असं तिचं म्हणणं. मोठ्या कारखान्यांत प्रचंड उष्णतेनं आणि दाबानं होतं ते काचेच्या एवढ्याशा भांड्यात! चाचणीचं द्रावण निळं झालं, म्हणजे अमोनिया मिळाला. तेव्हापासून सर पाहुण्यांना थेट तिच्या टेबलापाशी नेऊ लागले. भट्टी वाटेतच होती, पण तिथं कुणी थांबेना.

चंद्रभानचा जळफळाट सुरू झाला. तिचं हसणं त्याला खपेना. तिनं आणलेले सुके बोंबील सगळे मिटक्या मारत खायचे, तेही त्याला बघवेना. 'मॅडम' हा शब्द तो दात आवळूनच उच्चारायचा.

एके दिवशी सर म्हणाले, "नायट्रोजनऐवजी आरगॉन वायू सोडून बघा. त्यातून अमोनिया होऊच शकत नाही. तरीही निळं झालं, तर अमोनिया बाहेरून येतोय. मग आपला दावा संपला."

चाचणी चंद्रभाननंच लावली. द्रावण निळं झालं. जागृतीचा चेहरा उतरला आणि त्याला त्या दुपारी डबा फार गोड लागला.

दुसऱ्या दिवशी भट्टीची काच पुसताना नाकात झणका गेला आणि त्याचा हात थांबला. काचा पुसायच्या या नव्या पाण्यात अमोनिया होता. चाचणीच्या सकाळी जागृतीचं टेबल त्यानं याच पाण्यानं पुसलं होतं. मुद्दाम नव्हे. पण आता कळूनही तो बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सरांनी काम बंद करायला सांगितलं. जागृती पावडरीची बाटली टाकून द्यायला निघाली. ती पावडर त्यानं अठ्ठावीस वेळा, डोळ्यांत तेल घालून भाजली होती.

"थांबा मॅडम," तो म्हणाला. "टेबल मी पुसलं होतं. काचा पुसायच्या पाण्यानं. त्यात अमोनिया असतो."

"मग आधी का नाय सांगितलंत, काका?"

"जळत होतो तुमच्यावर."

जागृती बाटली खाली ठेवून म्हणाली, "चला, भांडी धुऊ."

दोघांनी मिळून सगळं शुद्ध पाण्यानं तीनतीनदा धुतलं. आरगॉन सोडल्यावर द्रावण निळं झालं नाही. नायट्रोजन सोडल्यावर फिकट निळं झालं. पूर्वीपेक्षा फिकट, पण खरं. अहवाल वर गेला. पहिल्या पानावर जागृतीचं नाव होतं.

घरी त्यानं बायकोला, रखमाबाईला, सगळं सांगितलं.

"बोललात ते बरं केलंत," ती म्हणाली.

"केलं खरं," चंद्रभान म्हणाला. "पण तिचं नाव वाचताना अजून जळतंच."