दारात म्हटलेलं 'हो'

भर दुपारी एक अनोळखी माणूस तुमच्या दारात येतो, तुमचं नाव घेतो आणि विचारतो, "तूच का ती?" तुम्ही काय म्हणाल?

मी "हो" म्हटलं. ते खोटं नव्हतं. नाव माझंच होतं. पण त्या एका शब्दावर विसंबून कुठेतरी एका आईनं आपल्या लेकीचा शोध थांबवला, आणि तो शब्द मला अजून परत घेता आलेला नाही.

मी पवनी तालुक्यातल्या आसगावची. घरी धानाची शेती आणि घरभर पत्रकं. बाबा बाजारातून आले की पिशवीत भाजीवर घडी केलेले गुलाबी, पिवळे कागद असायचे. त्यांची शाई बोटांना लागायची. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, मजुरीच्या दराबद्दल. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर भाकर खाताना ते मोठ्यानं वाचून दाखवत. मजुरीच्या दराचं पत्रक निघालं की बाया हसायच्या, "भाऊ, नुसतं वाचता का देता बी?" बाबा द्यायचे. पुढे ते स्वतः लिहायला लागले. 'अंगठा पुसा, सही शिका' हे त्यांचं. 'बाईला तिच्या नावानं हाक मारा' हेही त्यांचंच. मी अक्षरं शाळेत शिकले, पण राग कसा लिहायचा ते या कागदांवर शिकले.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मुलगा तुमसरच्या पलीकडे मँगनीजच्या एका खाणीत हजेरी बाबू होता. खाणीचं नाव लिहीत नाही, यात खाणीचा दोष नाही. त्यानं हुंडा नाकारला. बाबा तिथेच भाळले. "आपल्या विचाराचा पोरगा हाय," असं ते दारोदार सांगत सुटले. आसगाव जिल्ह्याच्या एका टोकाला, खाण दुसऱ्या टोकाला. त्याची मागची चौकशी कोणी केली नाही. हुंडा न घेणाऱ्याचीही चौकशी करायची असते, हे एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं.

लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. पोरं इथं अडखळतात, बहिणींकडे बघतात, कोणीतरी चिडवतं. यानं एका दमात लिहिलं. हजेरीपटावर रोजचं नाव लिहावं तसं.

"नाव कोणी सुचवलं जी, जावईबापू?" माझ्या मावशीनं विचारलं.

"मले आवडते," तो म्हणाला. एवढंच.

वसाहतीत आम्हाला दोन खोल्या होत्या. तो, त्याची आई आणि मी. त्याची या खाणीत बदली होऊन दोनच महिने झाले होते, त्यामुळे तो आणि सासूही तिथं नवेच. वसाहतीतल्या बायका एकमेकींना माहेरच्या गावावरून हाक मारायच्या. रामटेकवाली, तिरोडावाली, कटंगीवाली. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या रामटेकवालीनं मला "आसगाववाली" म्हटलं. सासू तव्यावरची पोळी तशीच सोडून बाहेर आली.

"आसगाववाली मणू नको. तिले नाव हाय. नावानंच हाक मार."

मला काय वाटलं असेल? मला अभिमान वाटला. अंगठाछाप सासू, आणि सुनेला नावानं हाक मारा म्हणून भांडते! मी बाबांना पत्रात लिहिलं की तुमचं पत्रक या घरात पोचलं आहे. सासू मला दिवसातून वीसदा नावानं हाक मारायची, चार घरांना ऐकू जाईल अशी. मी नव्या नावाला "ओ" देत राहिले. माहेरचं गाव पुसलं जात होतं आणि मला ती सुधारणा वाटत होती.

पुढच्या महिन्यात मला ताप आला. तो मला खाणीच्या दवाखान्यात घेऊन गेला. औषध घेतलं की कार्डावर सही करावी लागे. मी पेन उचललं. त्यानं माझा हात धरला.

"अंगठा लाव."

"काहून? मले सही येते."

"इथं साऱ्या बायका अंगठाच लावतात. तू सही करशील त लोकं मणतील, बाबूची बायको मिरवते."

मॅट्रिक झालेल्या बाईनं, सही शिकवत गावोगाव फिरणाऱ्या बापाच्या मुलीनं, अंगठा शाईत बुडवला. रागानं माझं अंग तापापेक्षा जास्त पेटलं होतं. तरी लावला. तो फार हळू बोलायचा. ओरडला असता तर मी भांडले असते.

कंपाउंडर कार्ड वाचत होता. त्यानं सहज विचारलं, "डावा हात कसा हाय आता, बाई? प्लास्टर काढल्यावर दुखत त नाही ना?"

मी हसले. माझा हात कधी मोडला नव्हता. "दुसऱ्याचं कार्ड असन," मी म्हटलं.

"नाव त तुमचंच हाय."

नवऱ्यानं कार्ड त्याच्या हातातून घेतलं आणि मला बाहेर काढलं. "बाबू लोकं काहीबी लिवतात," तो म्हणाला. मी मानलं. सरकारी कागदावर चुका असतात हे मला पत्रकांनीच शिकवलं होतं.

मग नळावरची गोष्ट. रामटेकवालीनं घागर लावता लावता मला टोमणा मारला, "बाबू सांगत होते, चार वरसं झाले लग्नाले, अजून पाळणा नाही. काय व, उपास धरला का?"

"चार महिने," मी म्हटलं.

"चार महिने! पाहा वो बाया, लाज वाटली त वरसाचे महिने करून टाकले!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन सासूला सांगितलं तर तिचा हात पिठातच थांबला. "त्या रामटेकवालीले मोजता येत नाही," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून पाणी ती स्वतः आणू लागली. साठीची बाई दोन घागरी उचलून आणायची, आणि मी आत बसायचे. मी उठले की म्हणायची, "बस व बाई, तू कायले दगदग करतं?" शेजारणी मला नशीबवान म्हणत. मला मात्र कोणी काही न बोलता दार लावून घेतल्यासारखं वाटायचं. काय लपवताहेत ते कळत नव्हतं. माझ्यापासून काहीतरी लपवलं जातंय एवढं कळत होतं, आणि ते बोलायला माझ्याकडे शब्द नव्हता.

पोळ्याच्या आधीचा बाजाराचा दिवस. सासू बाजाराला, तो कामावर. दारात एक माणूस उभा राहिला. अंगावर धूळ, डोक्याला पंचा. रस्त्यावर एक ट्रक घरघरत उभा होता, तो त्यातूनच उतरला असावा. त्यानं माझं नाव घेतलं.

"तूच का बाई ते?"

"हो."

"हाजरी बाबूची?"

"हो."

"बरी हायेस ना?"

"बरी आहे. कोण तुम्ही?"

"मायनं पाठवलं. पाहून ये मणे, जित्ती हाय का." तो हसला. "तुले लहानपणी पाह्यलं होतं, आता वळखू बी येत नाहीस. हे घे, मायनं देल्लं." ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. माणूस माझ्या हातात गाठोडं कोंबून पळाला.

मला वाटलं, आपली माय. मी आनंदानं तिथेच उंबऱ्यावर बसून गाठ सोडली. आत मोहफुलांचे लाडू होते. आमच्या घरी ते कधी होत नसत. लाडवांखाली एक चोळी होती. हिरव्या खणाची, घरीच शिवलेली. उजवी बाही नेहमीसारखी. डावी बाही काठापासून खांद्यापर्यंत उकललेली, आणि तिला जागोजाग नाड्या लावलेल्या, मोडक्या हाताला चढवता यावी म्हणून.

मी ती बाही हातात धरून बसले. डावा हात. प्लास्टर. चार वरसं. हे नाव माझ्या आधी कोणाचं तरी होतं. आणि तिच्या आईनं पाठवलेल्या माणसाला मी आत्ताच सांगितलं होतं, मी बरी आहे.

मी अनवाणी धावले. ट्रक केव्हाच वळणाआड गेला होता. तो कुठल्या गावचा, हेही मी विचारलं नव्हतं.

सासू आली. तिनं चोळी पाहिली. काही न विचारता चुलीत घातली. मी ओढायला गेले तर म्हणाली, "तिची वस्तू घरात ठेवाची नसते."

"तिची म्हणजे कोणाची, आत्याबाई?"

ती लाकडं पुढे सारत राहिली.

संध्याकाळी तो आला. मी विचारलं, "तुमची पहिली बायको कुठं आहे?"

"गेली."

"कुठं गेली?"

"गेली म्हणजे गेली." त्यानं शर्ट खुंटीला लावला. "नाव तुले देल्लं, घर तुले देल्लं. कायले उकरून राहिली?"

"तिला काय झालं? हात कोणी मोडला?"

त्यानं पेटीतून जुन्या खाणीपासून चालत आलेलं दवाखान्याचं कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. "हे पाह्य. मांगच्या मयन्यापरेंत अंगठे हायेत. कुठं गेलेली बाई औषध घ्याले येते का? कोणाले बी विचार, मायी बायको इथंच हाय."

त्यातले शेवटचे तीन अंगठे माझे होते, त्या तापापासूनच्या तीन खेपांचे. त्यांच्या वरचे तिचे. एकाच शाईचे गोल ठिपके. कुठे ती संपते आणि कुठे मी सुरू होते, ते मलाही दाखवता आलं नसतं. सही असती तर दिसलं असतं.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. ते बोडीच्या पाळीवर, शेताजवळच्या तळ्याच्या बांधावर, बसले होते. ज्या माणसाला तहसीलदारासमोर शब्द कमी पडले नाहीत, तो म्हणाला, "पुरावा काय हाय, बाई?" मग म्हणाला, "तुया धाकट्या बहिणीचं लग्न जुळून राहिलं." दुसऱ्या दिवशी नवरा मला न्यायला आला, आणि माझी पेटी बाबांनी स्वतः बैलगाडीवर बांधली. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी पाहिलं नाही. आजही ते माझ्याशी नीट वागतात, भाजीतला चांगला तुकडा माझ्या ताटात वाढतात, पण त्यानंतर त्यांनी एकही पत्रक लिहिलेलं नाही.

त्या घरात मी आणखी पाच महिने राहिले. मार नव्हता, उपास नव्हता. नावानं हाक होती. ती ऐकली की वाटायचं, आपल्या मागे कोणी उभं आहे. शिमगा आटोपल्यावर एका सकाळी तो कामावर गेला आणि सासू पाण्याला गेली तेव्हा मी निघाले. आधी पोलिस चौकीत गेले. तिथल्या जमादारानं कागद पुढे ओढला.

"हरवलेल्या बाईचं नाव?"

मी सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?"

सांगितलं.

"तक्रार देणारीचं नाव?"

मी सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला. "नवऱ्याचं?" तेही सांगितलं. त्यानं पेन ठेवलं आणि बाजूच्या शिपायाला म्हणाला, "ऐकलं का गा? बाई सोतालेच शोधून राहिली!" दोघं हसले. मी शाळेचा दाखला दाखवला, माझ्या जन्माच्या नावाचा. "लग्नानंतर नाव बदलतेच ना, बाई," तो समजावत म्हणाला. "भांडण झालं असन. घरी जा." त्याचं काही चुकलं असंही म्हणवत नाही. कागदावरची हरवलेली बाई त्याच्यासमोर बसली होती.

मी आसगावला परत आले, ती कायमची. पुढच्या दोन उन्हाळ्यांत बावनथडी नदीच्या पलीकडच्या गावांत फिरले. मोहफुलांचे लाडू आणि त्या माणसाच्या बोलण्याची ढब, एवढाच माग होता. एका गावात विचारलं, इथली कोणी लेक खाणीच्या बाबूला दिली होती का, जिचा डावा हात मोडला होता? एक म्हातारी म्हणाली, माझी असेल, पण तिला आगीत जाळलं. दुसऱ्या गावात दुसरी म्हणाली, माझी असेल, पण तिचा उजवा हात होता. मी दोघींच्या दारातून उठून आले. शोधाची टिपणं ठेवायच्या माझ्या वहीत त्यांच्या लेकींसाठी जागा नव्हती, आणि पुढे विचारत जायचा धीरही उरला नव्हता.

ती जिवंत आहे का, मला माहीत नाही. हाकलली असेल, पळाली असेल, मारली असेल. तिची आई तरी निर्धास्त झोपत असेल, असं कोणी मला समजावतं तेव्हा माझं रक्त उसळतं. ती झोप माझ्या त्या 'हो'वर उभी आहे. ती बाई शोधत राहिली असती तर कदाचित कोणाला तरी उत्तर द्यावं लागलं असतं.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझं एक काम आहे. तुमसर, कटंगी, वारासिवनीकडच्या बाजारांत तुमचं जाणं असेल, तिकडे तुमचे सोयरे असतील, तर विचारा. नावानं विचारू नका, नावानं विचारलं तर लोक तुम्हाला माझ्याच दारात आणून सोडतील. विचारा, डाव्या बाहीला नाड्या लावून हिरवी चोळी शिवणारी माय कोण आहे? ती भेटली तर तिच्याजवळ बसा आणि सांगा: ट्रकमधून गेलेल्या माणसाला जी भेटली, ती तुमची लेक नव्हती. तिला शोधा.