गळतंय कधीपासून?

एसी बिघडला की आधी रिमोट बघायचा, हे आता मला पाठ आहे. त्याच्या पडद्यावर गारव्याची चांदणी आहे की थेंब, सेल मेलेत का, जाळी शेवटची कधी धुतली होती. हे सगळं मी त्या एका उन्हाळ्यात शिकले. जे बघायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं बघितलं, असं म्हटलं तरी चालेल.

बाबा तेव्हा ऐंशीचे होते. आई गेल्यापासून कसबा पेठेत चौथ्या मजल्यावर, पत्र्याखालच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. चैत्रात एकदा भर दुपारी जिन्यात चक्कर येऊन पडले. शेजाऱ्यांचा फोन आला तशी मी कोथरूडहून रिक्षाने गेले, डॉक्टरांना दाखवलं आणि त्यांना घेऊनच आले.

"मुलीच्या घरी किती दिवस?" त्यांनी रिक्षात बसता बसता विचारलं.

"उन्हाळा संपेपर्यंत. डॉक्टर म्हणालेत, दुपारी थंड खोलीत झोपवा. पुन्हा असं झालं तर निभावेलच असं नाही म्हणालेत. आता वाद नको."

वाद घातला नाही, पण दुसऱ्याच दिवशी मला त्यांचं स्वतःचं ताट-वाटी-भांडं आणायला पेठेत पिटाळलं. मुलीच्या घरी जास्त राहू नये, राहिलंच तर तिच्यावर भार टाकू नये, ही त्यांची जुनी शिस्त. मी चिडले, पण आणून दिलं.

एसी एकाच खोलीत होता, म्हणून ती खोली बाबांना दिली. एसीखालीच भिंतीला चिकटून पलंग. दुपारी एक ते चार पडदे ओढून, दार लोटून ते झोपायचे. पुण्यात त्या वेळात कुणी मेलं तरी चारनंतर कळवतात, असं तेच म्हणायचे. मी मात्र त्या तीन तासांत घरभर फिरत राहायचे. मला दुपारची झोप कधी आलीच नाही. एसीचा आवाज बदलला की दार किलकिलं करून बघायचं, बंद पडला की धावाधाव.

आणि तो एसी म्हणजे! पहिल्या आठवड्यात गार वाराच येईना. मी रिमोटवर अठरा केले, सोळा केले, रिमोट आपटला. शेवटी बाबांनीच चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "अगं, इथे पंख्याचं चित्र आहे. तू हजारो रुपयांचा पंखा लावून बसली आहेस." मग जाळी काढली. तिच्यावर गोधडीएवढा धुळीचा थर. ती नळाखाली धरून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासली, सावलीत वाळवली, बसवली. गार झालं. बाबा म्हणाले, "चला, शिक्षण वाया गेलं नाही."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या बाईंची चिठ्ठी दाराला चिकटलेली. 'आपल्या एसीचे पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. आमचे कपडे आम्ही धुतलेले असतात. ते पुन्हा धुण्याची तसदी आपण घेऊ नये.' माझ्या तळपायाची आग मस्तकात. आधीच त्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी, आणि इथे फुकटचं पाणी खाली जातंय म्हणून बोलणी! मी गॅलरीत बादली ठेवली, एसीची पाण्याची नळी तिच्यात पार तळापर्यंत खुपसली आणि कडीला सुतळीने करकचून बांधली. म्हटलं, आता एक थेंब पडू दे खाली. ज्या दिवशी नळाला पाणी नसेल त्या दिवशी संध्याकाळी ती बादली झाडांना घालायची, असा हिशेब बसवला. स्वतःवर खूश होते मी.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी चारचा चहा घेऊन गेले, तर बाबा पलंगाच्या कडेला पाठमोरे बसलेले. दिवा लावू नकोस म्हणाले. चादर अर्धी ओढून काढलेली होती. कमरेच्या जागी, भिंतीकडच्या बाजूला, हातभर ओलं.

आदल्या वर्षी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की वय झालंय, थोडंफार असं होऊ शकतं. चादर गोळा केली, श्वास रोखून मशीनमध्ये टाकली आणि म्हणाले, "असू दे हो बाबा, होतं." त्यांनी कप घेतला आणि चहा निमूट पिऊन टाकला. एरवी चहात साखर कमी पडली तरी ऐकवणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग एक दिवस सोडून पुन्हा. मी गादीवर रबरी कापड घातलं. दुपारचं ताक बंद केलं. मग त्यांनी आपणहून सकाळी दहानंतर पाणी पिणंच बंद केलं. उन्हाळ्याचे दिवस, ऐंशीचं वय, आणि पाणी नाही! मी भांडं घेऊन मागे लागायचे, ते तोंड फिरवायचे. माझा आवाज चढायचा. "चक्कर येऊन पडायचंय का पुन्हा?" असं ओरडलेदेखील एकदा. आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे. कुठे थांबताच येईना मला. दुपारी दाराबाहेर कान लावून उभी राहायचे, काय ऐकायला कोण जाणे.

शेवटी मी औषधाच्या दुकानातून मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट आणलं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. ते आंघोळीला गेले असताना त्यांच्या कपाटात, शर्टांच्या शेजारी ठेवून दिलं. संध्याकाळी ते पाकीट न फोडता माझ्या ओट्यावर आलेलं होतं. आणि बाबांची पिशवी भरलेली. ताट-वाटी-भांडंसुद्धा पंच्यात गुंडाळून आत.

"रविवारी सोड मला पेठेत," ते म्हणाले. "तिथे माझं मी धुईन."

नवरा समजावून थकला. मी पाया पडले, भांडले, डॉक्टरांचा धाक घातला. "तुम्ही तिथे पत्र्याखाली मराल!" म्हणाले, आणि जीभ चावली. बाबा शांतपणे म्हणाले, "ओल्या गादीवर मरण्यापेक्षा बरं." तो शुक्रवार होता.

त्यात शनिवारी दुपारी एसीने पुन्हा दगा दिला. खोली गार होईना. जाळी स्वच्छ, रिमोटवर चांदणी, सगळं जागेवर, आणि वारा कोमट. कंपनीला फोन केला तर हे दाबा, ते दाबा, आणि मंगळवारी माणूस येईल. मंगळवारी काय करू मी त्याला? खोली गार नसेल तर रविवारी बाबांना थांबवायला माझ्याकडे काही उरणारच नव्हतं. ओळखीच्या दुकानदाराने वारज्यातला एक मेकॅनिक पाठवला. पिकलेल्या मिश्यांचा, पन्नाशीचा गृहस्थ, गळ्यात टॉवेल. तीन वाजले होते. बाबा जागे होते, पलंगावर उठून बसले होते. पलंग सरकवायचा म्हणून खाली उतरायला लागले, तर तो म्हणाला, "बसा आजोबा, तुमची काय अडचण न्हाई."

त्याने गॅलरीतून वाकून बाहेरचं यंत्र बघितलं. मागे पारव्यांची पिसं आणि काड्या गच्च भरलेल्या. "ह्येला श्वासच घेता येईना, गार कुठनं करंल?" त्याने ते साफ केलं आणि आत आला. स्टुलावर चढून एसीचं झाकण उघडलं, मागे हात घातला, हात बाहेर काढून बोटं एकमेकांवर चोळली. मग वाकून पलंगाशेजारच्या भिंतीवर तळवा फिरवला. वर न बघताच विचारलं, "गळतंय कधीपासून?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. ताठ बसून, साहेबापुढे बोलावं तसं.

"पंधरा दिवस झाले असतील. दिवसाआड. झोपेत होतं हो, मला कळत नाही. मी पाणी कमी केलंय."

मेकॅनिक त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

"आजोबा," तो अगदी हळू म्हणाला, "म्या एसीचं इचारतोय."

त्याने बाबांचा हात धरला आणि भिंतीवर टेकवला. ऑइल पेंटची भिंत, डाग दिसायचा नाही, पण पाण्याचा पातळ ओघळ सरळ गादीच्या कडेला उतरत होता. मग तो गॅलरीत गेला आणि तिथूनच ओरडला, "ही बादली कुणी बांधली, ताई?"

"मी."

"नळीचं तोंड पाण्यात बुडालं की हवा कोंडती. पाणी बाह्येर जाईना, मग मागं येतं. बादली रिकामी तवर ठीक, भरली की गळाया लागतंय." त्याने खिशातल्या पक्कडीने माझी सुतळी कापली आणि नळी बादलीच्या काठावर आणून ठेवली. "एवढंच हाय."

एवढंच होतं. मी बादली दिवसाआड रिकामी करत होते आणि माझा बाप दिवसाआड लाजेने अर्धमेला होत होता. मला हे कळलं नाही, कारण त्या पंधरा दिवसांत एकदाही मी ती चादर नाकाजवळ नेली नव्हती. नेली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की तिला कसलाच वास नाही.

मेकॅनिक गेल्यावर मी बाबांसमोर जमिनीवरच बसले. माफी मागायची होती, पण नुसताच हुंदका आला. बाबा अजून भिंतीवर हात ठेवून होते. मग त्यांनी तो हात स्वतः नाकाजवळ नेला, धोतराला पुसला, आणि म्हणाले, "पाणी आण. दोन भांडी."

ती दोन्ही त्यांनी एका दमात संपवली. मग ओट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आणि ते पाकीट दुकानात परत दे. म्हणावं, एसीला बसत नाही."

मी रडता रडता इतकी हसले की खालच्या बाईंनी पुन्हा चिठ्ठी लावली असती. बाबाही हसले. रविवारी ते गेले नाहीत. ताट-वाटी-भांडं पिशवीतून बाहेर आलं आणि माझ्या भांड्यांत मिसळून गेलं.

त्यानंतरचे तीन उन्हाळे ते माझ्याकडेच होते. गादी पुन्हा कधी ओली झाली नाही. पण रोज चार वाजता जाग आली की उठायच्या आधी ते अंगाखालच्या चादरीवरून हात फिरवायचे. मी दारात चहा घेऊन उभी दिसले, तर चादर सारखी केल्यासारखं दाखवायचे.