जमिनीत जाणारी तार

माझ्या सासऱ्यांवर माझा राग होता. ते जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आहे.

देऊळघाटला आमचा भाजीपाल्याचा मळा. विहिरीवर वीज आली तेव्हा मी नवी सून, त्यात मॅट्रिक झालेली, म्हणून आधीच डोळ्यांत खुपणारी. वायरमननं खड्डा खणून त्यात मीठ-कोळसा भरला आणि मोटरीपासून एक तार त्यात सोडली. म्हणाला, "मोटर बिघडली तर करंट या तारेनं जमिनीत जाईन, माणसातून नाही."

मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, जन्मभर पाण्याचे दांड सांभाळलेले. दांड फुटून ओंजळभर पाणी वाया गेलं तरी त्यांचं डोकं फिरायचं. आठ दिवस ते त्या तारेकडे बघत राहिले आणि एका सकाळी पक्कडीनं ती तोडूनच टाकली.

"सारा करंट मातीत जाऊन राह्यला! म्हणूनच पाणी कमी येते."

मी म्हटलं, "मामाजी, ती तार आपल्या जिवासाठी आहे. पाइप लोखंडाचा, खाली चिखल. करंट माणसातून जाईल."

"तू मले शिकवून राह्यली का वं?"

झालं! वर त्यांचा आणखी एक हुकूम होता. मोटर म्हणजे लक्ष्मी, तिच्याजवळ चप्पल घालून जायचं नाही. मी मुद्दाम रबरी चप्पल घालून जायची आणि शिव्या खायची. आत्याबाई, माझ्या सासूबाई, मात्र अनवाणी. रोज तिथंच भाजी धुवायच्या. मी हातापाया पडले, रबरातून करंट जात नाही, माझी चप्पल घाला.

"त्यायले चालत नाही वं माय."

दिवाळीच्या आधी मेथीच्या जुड्या धुताना त्यांनी पाइपाला हात लावला आणि तो तिथंच चिकटला. तोंडातून शब्द फुटेना. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला, तेव्हा त्या चिखलात कोसळल्या. तळवा भाजून काळा पडला होता. तो हात पुढं कधी नीट मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी गुपचूप तार जोडली आणि मोटरच खोटी निघाली म्हणून गावभर सांगत फिरले. तेही मी गिळलं.

पण चिखलात माझ्या मांडीवर डोकं ठेवून डोळे उघडल्यावर आत्याबाई पहिलं जे बोलल्या, ते काही गिळवत नाही. कोबीच्या वाफ्यातून मामाजी धावत येताना त्यांना दिसले. माझा पदर ओढून त्या म्हणाल्या, "त्यायले सांग, म्या चप्पल घातली नव्हती."