मांडीवर मावेल एवढा लॅपटॉप

बाबांच्या घशात कॅन्सरची गाठ निघाली आणि शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचं ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आठवड्यातले पाच दिवस यावं लागेल, असे सहा-सात आठवडे. आम्ही राहतो सिंदेवाहीत आणि हॉस्पिटल चंद्रपूरला. तिथंच खोली घेऊन राहू, असं मी सुचवलं. बाबा म्हणाले, "परक्या घरी मले झोप येत नाई." या माणसानं आयुष्यातल्या कितीतरी रात्री परक्या गावांत काढल्या होत्या.

बाबा झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर होते. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत चालतात. रोज नवं गाव, रात्रभर प्रयोग, दिवसा झोप. नटांना तालमीला पुरेसा वेळ मिळत नाही, म्हणून कडेच्या पडद्यामागं एक माणूस हातात वही घेऊन उभा असतो आणि अडलेल्याला शब्द देतो. तो माणूस म्हणजे माझे बाबा. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. वर्गातल्या एका मुलीचे वडील नाटकात खलनायक व्हायचे, दुसरीचे पेटी वाजवायचे. माझे वडील काय करतात, असं कोणी विचारलं की मी विषय बदलायची. त्यांचं एकही नाटक मी पाहायला गेले नाही. तिथं जाऊन बाबा दिसणार नव्हतेच.

आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते. शेकासाठी मी रजा टाकली आणि आम्ही सकाळच्या एसटीनं जाऊ-येऊ लागलो. जायला दोन तास, यायला दोन तास. शेक जेमतेम काही मिनिटांचा. बाकी सगळा वेळ बसायचं. पहिले तीन दिवस बाबा समोरच्या सीटची दांडी धरून खिडकीबाहेर बघत राहिले. मूल गावाच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी जंगल लागतं, तिथं मोबाईलला रेंज नसते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, त्यामुळे मोबाईलच्या पडद्यावर त्यांना काही धड दिसायचंही नाही. एखादा फाटा आला की बोट दाखवायचे. "इथी झालं होतं नाटक." पुढच्या फाट्यावर पुन्हा, "इथीबी."

चौथ्या दिवशी परत येताना ते म्हणाले, "उद्या नाई येत मी."

"काऊन?"

"एवढा वेळ नुसतं बसलं की डोक्यात तेच ते येते."

मग ते म्हणाले, "घरी सीड्या पडून हायेत. एखादवेळेस पाहून घेतल्या असत्या तर बरं झालं असतं."

त्या सीड्या मला माहीत होत्या. नाटक मंडळाचा फोटोग्राफर काही प्रयोगांचं शूटिंग करायचा आणि प्रत्येकाला एकेक सीडी द्यायचा. घरातला सीडी प्लेयर बिघडून कितीतरी वर्षं झाली होती. सीड्या कापडी पिशवीत घालून बाबांनी कपाटात ठेवल्या होत्या. त्यांनीही त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी ती पिशवी सोबत घेतली. शेक झाल्यावर आम्ही चंद्रपुरातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकान एक बाई चालवत होती. हातात स्क्रू-ड्रायव्हर, समोर कुणाचा तरी उघडलेला लॅपटॉप. मी म्हटलं, प्रवासात व्हिडिओ पाहायला काहीतरी छोटं पाहिजे.

"पाहणार कोण?"

मी बाबांकडे पाहिलं.

"कुठी बसून पाहणार, काकाजी?" तिनं थेट त्यांनाच विचारलं.

"एसटीत."

तिनं आधी टॅबलेट दिला. वजनाला हलका, बॅटरी दिवसभर पुरणारी. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला. थोड्याच वेळात हात भरून आले आणि त्यांनी तो काउंटरवर ठेवला. मग एक मोठा लॅपटॉप आला. तिनं दोन प्लास्टिकची स्टुलं एकामागं एक मांडली, बाबांना मागच्यावर बसवलं आणि पुढच्यावर स्वतः पाठ करून बसली. "ही पुढची सीट समजा. आता उघडा." पडदा अर्धा उघडला आणि तिच्या पाठीला टेकला. एसटीत तो उघडलाच नसता. मी घरून निघताना फक्त पडदा किती मोठा, एवढाच विचार करून आले होते.

शेवटी तिनं फळीवरून दोन छोटे लॅपटॉप काढले, दोन्ही वापरलेले. पडदा अकरा इंची. दोन्ही घेऊन ती दुकानाच्या दारात उन्हात गेली. एकाचा पडदा आरशासारखा चमकायचा. बाबांनी त्यात पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं. शेकासाठी मानेवर काढलेल्या शाईच्या खुणा त्यात दिसत होत्या. दुसऱ्याचा पडदा मंद होता, उन्हातही चित्र दिसत होतं.

"हा," बाबा म्हणाले.

तिनं आवाज ऐकवायला एक गाणं लावलं. बाबांनी हात वर केला. "गाणं नोको. बोलनं लावा." तिनं कुठल्या तरी भाषणाचा व्हिडिओ लावला. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "शब्दाचा शेवट खाऊन राह्यला हा."

"छोट्या लॅपटॉपचा आवाज असाच येते, काकाजी. कानात घालून पाहा." तिनं इयरफोन लावून दिले. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि मान हलवली. मीही ऐकू शकावं म्हणून तिनं एक छोटी जोडणी दिली, एका भोकातून दोन वायरी निघणारी. लॅपटॉपला सीडी घालायची सोय नव्हती. सीड्या ठेवून जा, मी सगळ्या आत भरून ठेवते, असं ती म्हणाली. पुढच्या खेपेला आम्ही तो न्यायला गेलो, तेव्हा तीन सीड्या ओरखड्यांमुळे निघाल्या नव्हत्या. त्याबद्दल तिला वाईट वाटत होतं. बाकीची नाटकं तिनं एका फोल्डरात ओळीनं लावून दिली होती.

त्या दुपारी बस सुटल्यावर बाबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. तो खरंच मांडीत मावला. सुरू करायला कुठलं बटण आणि थांबवायला कुठलं, हे मी दाखवलं. पहिलं नाटक लागलं. चित्र जुनं, रंग उडालेले, मध्येच लहान मुलं रडतायत. मी कंटाळणार, अशी माझी खात्री होती. पण थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की नट बोलायच्या आधी काहीतरी ऐकू येतंय. अगदी बारीक, कुजबुजल्यासारखं. आधी तो आवाज यायचा, मग तेच वाक्य नटाच्या तोंडून.

"बाबा, हा आवाज कोनाचा?"

"माहाच." त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "शूटिंगवाला विंगेपाशी उभा राहे."

त्यांचा खरा आवाज तोपर्यंत बसला होता, घोगरा, तुटक. आणि कानात हा तरुण आवाज येत होता, स्पष्ट, न घाबरणारा. अख्खं नाटक त्यांनी असं उचलून धरलेलं होतं. गावात मला हे कोणी कधी सांगितलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

पुढचे आठवडे आम्ही एकेक नाटक पाहत गेलो. घसा आतून सोलल्यासारखा झाला होता, बोलू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी बाबा मध्ये मध्ये थांबवून दोन-चार शब्द बोलायचे. एका नाटकात एक अभिनेत्री होती, नागपूरकडून आलेली. तिसऱ्या अंकात ती बोलायची थांबली. बाबांचा आवाज आला. तिनं तेवढाच शब्द म्हटला. पुन्हा आवाज, पुन्हा एक शब्द.

बाबांनी व्हिडिओ थांबवला. "तिची माय गेली होती त्या दिवशी. दुपारी निरोप आला. गाडी सकाळशिवाय नव्हती." मग घोटभर पाणी पिऊन म्हणाले, "सारं इसरली ते. एकेक शब्द दिला तिले. लेकराले घास देते तसा."

मी पडद्याकडे पाहत होते. कोपऱ्यात मंडळाच्या नावाखाली साल लिहिलेलं होतं. त्या वर्षी मी आठवीत होते. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, ती ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात होती. स्वयंपाक मी करायची आणि डबा शेजारचे काका पोचवायचे.

"त्या साली आई दवाखान्यात होती," मी म्हटलं.

"माहीत होतं मले."

मी कानातली वायर काढली.

"आलो नाई मी," ते म्हणाले. "कारण सांगून काय करू."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा सुरू केला नाही. मूलचा स्टँड येईपर्यंत काळा पडदा तसाच मांडीवर होता. मला राग आला होता आणि त्याच वेळी त्या अभिनेत्रीला दिलेले शब्द कानात होते. दोन्ही खरं होतं. स्टँडवर उतरून मी त्यांच्यासाठी ताक आणलं. ते घोटघोट प्याले. दुसऱ्या दिवशी ते वेळेवर तयार होऊन दारात उभे होते.

शेकानं बरं वाटलं, पण ते टिकलं नाही. पावसाळ्यानंतर तपासणीत पुन्हा गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. बाबांनी विचार करायला एक दिवसही घेतला नाही. "काढा," म्हणाले.

नागपूरला जायच्या आदल्या दुपारी मी लॅपटॉपचा कॅमेरा सुरू करून त्यांच्यासमोर ठेवला. "काहीतरी बोला, बाबा. राहील आमच्याजवळ."

ते ताठ बसले. "काय बोलू?"

"काहीबी. तुमचं."

"मले सोताचं बोलता येत नाई, बाई. कोनी इसरला तर सांगू शकतो."

मग मी त्यांच्या बाजूला जाऊन बसले आणि स्वतःच बोलू लागले. आमचं जुनं घर, दारातलं मोहाचं झाड, आई. आई मोहफुलं वाळत घालायची तेव्हा काय म्हणायची, इथं मी थांबले. मला आठवत होतं, तरी थांबले. त्यांनी ते वाक्य सांगितलं. मी ते पुन्हा म्हटलं आणि पुढं गेले. पुढं मी खरंच अडखळू लागले, कारण काही गोष्टी मला माहीतच नव्हत्या. त्या त्यांनी सांगितल्या. माझा जन्म झाला ती वेळ, आईनं मला घेऊन पहिल्यांदा केलेला बसचा प्रवास, नाव ठेवण्यावरून झालेलं भांडण. त्या रेकॉर्डिंगमध्ये माझंच बोलणं जास्त आहे. त्यांचा आवाज फाटलेला आहे, पण एकही शब्द अर्धवट नाही.

ऑपरेशन झालं. आता त्यांच्या गळ्याला श्वासासाठी छिद्र आहे, त्यावर पातळ रुमाल असतो. काही सांगायचं असलं की वहीत लिहितात, अक्षर फार सुंदर. ते रेकॉर्डिंग मी अजून लावलेलं नाही. तेही मागत नाहीत.

दर तीन महिन्यांनी तपासणीला नागपूरला जावं लागतं. गेल्या वेळी निघायच्या आधी त्यांनी वहीत लिहून दिलं, वडश्याच्या एका नाटक मंडळाच्या माणसाला फोन कर, त्यांच्या नाटकांचे व्हिडिओ पाहिजेत. मी विचारलं, तुमची नकोत का? त्यांनी लिहिलं, "दुसऱ्याचं नाटक मी कधी पाह्यलंच नाही. रोज कामावर होतो." त्या माणसानं पेन ड्राइव्हवर चार नाटकं पाठवली.

बसमध्ये त्यांनी त्यातलं विनोदी नाटक लावलं. नागभीड सुटलं तेव्हा त्यांचे खांदे हलू लागले. मी घाबरून त्यांच्याकडे वळले, खोकला आला असेल, छिद्रात काही अडकलं असेल. तसं काही नव्हतं. ते हसत होते. आवाज नव्हता, फक्त रुमाल हवेनं वर-खाली होत होता. पलीकडच्या सीटवरची एक बाई वाकून पडद्याकडे पाहू लागली. बाबांनी लॅपटॉप थोडा तिच्या बाजूला वळवला.