सामाईक बांध

भोपळ्याच्या फुलांत नवरा कुठला आणि नवरी कुठली, हे माझ्या थोरल्या बहिणीने मला शिकवलं. "हा नवरा. नुसता ताठ उभा, कामाचा ना धामाचा! आणि ही नवरी, बघ, पोटाशी एवढासा भोपळा घेऊनच आलीय." मग पिवळ्या फुलातून परागाने माखलेला भुंगा बाहेर पडला की ती हसायची. "आणि हे आमचे मध्यस्थ. ह्यांनी फेऱ्या मारल्या नाहीत तर बसा बोंबलत."

तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आई गेली तेव्हा ती अठराची होती, मी चार वर्षांचा. मला वाढवण्यात आणि शेत सांभाळण्यात तिचं वय निघून गेलं. ताई म्हणायचो, पण आई तीच.

आमच्या आणि शेजारणीच्या शेतांच्या मध्ये एक सामाईक बांध होता. त्यावर कोणी विळा चालवायचा नाही, असं दोघींनी ठरवलेलं. रानफुलं, काटेरी झुडपं, कमरेएवढं गवत. मधोमध एक वठलेलं झाड आडवं पडलेलं, त्याला भोकं पाडून भुंग्यांनी घरं केलेली. बांधाच्या मातीत बारक्या माश्यांची बिळं होती. पिकावर मावा पडला की झुडपांतले ठिपकेवाले किडे येऊन त्याचा फडशा पाडायचे. "माझे बिनपगारी गडी," ताई म्हणायची. रोज दहा वाजता दोघी त्या ओंडक्यावर बसून एकाच थर्मासमधला चहा प्यायच्या. चाळीस वर्षं.

मला मात्र तो बांध डोळ्यांत सलायचा. येणारा-जाणारा विचारायचा, शेत आहे का जंगल?

ताईचं हृदयाचं दुखणं निघालं आणि ती तीन आठवडे इस्पितळात होती. शेजारीण तेव्हा लेकीकडे गेलेली. मी म्हटलं, ताई घरी येईपर्यंत शेत लख्ख करू, तिला बरं वाटेल. खरंच सांगतो, मनात दुसरं काही नव्हतं. तणनाशक मारलं, वाळल्यावर काडी लावली. तो ओंडका तीन दिवस धुमसत होता. उरलेली माती नांगरून सपाट केली आणि स्वतःवरच खूश झालो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

ताई आली, बांध पाहिला आणि तिथेच मटकन खाली बसली.

"कोणी केलं रे हे?"

तिचा चेहरा पाहून माझी जीभ भलतीकडेच वळली. "शेजारणीने. लेकीकडे जायच्या आधी. मी म्हटलं होतं तिला, ताईला विचारा म्हणून." झडली का नाही ती जीभ तेव्हाच!

दोन दिवसांनी शेजारीण परतली. ताई तशीच धापा टाकत तिच्या दारात गेली, मी मागोमाग. "चाळीस वर्षं गं! एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही तुला?"

शेजारणीने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं म्हटलं की भुंगे परत येतात का?" ताई पाठ फिरवून घरी आली, आणि दोघींचं बोलणं बंद झालं.

त्या हंगामात वेल चांगले पसरले, फुलं खच्चून आली. पण नवरीच्या पोटातले इवलेसे भोपळे पिवळे पडून गळायला लागले. मावा तर असा पडला की पानं चिकट झाली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, तरी ताई दिवस उजाडताच शेतात जायची. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, आतला दांडा मादीच्या फुलात अलगद फिरवायचा. नऊ वाजेपर्यंत फुलं मिटतात, तोवर जमेल तेवढं. मीही करायचो, पण माझे हात राकट, निम्मी फुलं मोडायची. पलीकडे शेजारीणही तेच करत असायची. एकमेकींकडे पाठ करून वाकलेल्या दोघी आणि मध्ये तो उघडाबोडका बांध. मला ते बघवायचं नाही. रोज वाटायचं, आज सांगून टाकू. रोज शेपूट घालायचो.

पुढे ताईने अंथरूण धरलं. एका दुपारी म्हणाली, "तिला बोलाव रे. मेल्या भुंग्यांपायी किती अबोला धरायचा?"

मी हो म्हणून बाहेर पडलो. समोरासमोर बसल्या असत्या तर दोन वाक्यांत सगळं उघडं पडलं असतं. अंगणातल्या नळापाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो. "घरी नाहीये ती."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हटलं, "बाहेरगावी गेलीय."

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

आठवड्याने मी शेजारणीकडे गेलो. तिने चहा टाकला, कप माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "बांधाचं ताईला मी खोटं..."

"माहीत आहे. मी जाळला नाही हे मला कळणार नाही होय? तिला तुझ्याशिवाय होतं कोण? माझ्यावर रागावून ती जगली असती, तुझ्यावर रागावून नसती जगली. म्हणून गप्प बसले."

मला रडू आवरेना. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच विचारलं, "शेवटी शेवटी माझं नाव काढलं का रे तिने?"

नाही म्हणून सुटता आलं असतं. पण आता आणखी खोटं बोलायची ताकद नव्हती.

"काढलं. तिला बोलाव म्हणाली होती. दोनदा."

पाठीवरचा हात थांबला.

"मी तर इथेच होते," ती म्हणाली. "रोज दार उघडं टाकून बसायचे. हाक येईल म्हणून."

मग तिने माझ्यापुढचा भरलेला कप उचलला आणि मोरीत ओतला.